पाण्यात गेलेलं खोरं

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही सांगलीहून गावी निघालो होतो. गाडी भाऊ चालवत होता, शेजारी वहिनी, मागं मी आणि माझा भाचा. तो आठ वर्षांचा आहे, पुण्यातच वाढलाय, आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची त्याला सवय आहे. पलूस मागं टाकून किर्लोस्करवाडीजवळ आलो तेव्हा मी त्याला सांगितलं, की १९१० साली इथं नुसता माळ होता. त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी सुरुवातीला ते नांगर घ्यायला तयार नव्हते, हेही सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. पुढं कालव्यावरचा पूल लागला. पुलाच्या कडेला गवतात अर्धी बुडालेली पाटी होती. ती त्यानं शब्द तोडत तोडत वाचली : महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ. मग जरा विचार करून मला विचारलं, "आत्या, नांगर तिकडं बनवायचे आणि खोरी इथं बनवतात का?"

आम्ही तिघंही हसलो. भाऊ तर इतका हसला की गाडीचा वेग कमी झाला. वहिनी म्हणाली, हे शाळेच्या ग्रुपवर सांगायला पाहिजे. भाचा मात्र हसला नाही. त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं आणि गाव येईपर्यंत एकही पाटी वाचली नाही.

ते वळवलेलं तोंड रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

कारण त्याचं काही चुकलं नव्हतं. खोरं त्याला माहीत होतं. मे महिन्यात आजीच्या परसात त्यानं ते उचलून बघितलं होतं, उचललं नाही म्हणून दोन्ही हातांनी ओढलं होतं, फरशीवर ओरखडा काढून बोलणीही खाल्ली होती. नदीचं खोरं मात्र त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. नुकतीच नांगरांच्या कारखान्याची गोष्ट ऐकलेल्या मुलानं, जवळ असलेला एकुलता एक अर्थ घेऊन ती पाटी वाचली. आणि ज्यांना दोन्ही अर्थ माहीत होते, त्या आम्हा तिघांना ते दोन अर्थ एकमेकांशेजारी ठेवून बघायचं आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

कुणी त्याला फावडं म्हणतं, कुणी पावडं. आमच्याकडं खोरंच. हातभर रुंदीचं जाड पत्र्याचं पातं, वरच्या अंगाला नेढं, नेढ्यात बाभळीचा दांडा, दांडा हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. पात्याचं तोंड धरणाऱ्याकडं वळलेलं. कुदळ जमिनीत उतरते, नांगर पुढं पुढं जातो, पहार आहे तिथंच उभी राहून दगडाशी भांडते. खोरं तेवढं आपल्याकडं येतं. वाकायचं, पुढं टाकायचं आणि ओढायचं. माती, शेण, वाळू, कालवलेला चुना, काहीही असो, त्याचं काम एकच : समोरचं पायाशी आणून ठेवायचं. लहानपणी मी त्याच्याकडं कधी नीट बघितलं नाही, कारण ते माझं हत्यार नव्हतं. मुलींच्या वाट्याला खुरपं. भांगलणीला बायकांच्या ओळीत आपली पात धरायची, टाचांवर बसून सरकत राहायचं, संध्याकाळी गुडघे सरळ करायला कुणाचा तरी हात मागायचा. खोरं पुरुषांचं. ते गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं असायचं, आणि ओलांडून गेलं तर अण्णा ओरडायचे. हत्यार ओलांडू नये, एवढंच कारण सांगायचे.

अण्णा गेले तेव्हा मी बारा वर्षांची आणि भाऊ सहा वर्षांचा. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कालव्याला पाणी आलं. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेला हा कृष्णा कालवा ब्रिटिशांच्या काळातला, त्याच्या पाण्याची पाळी कुणाच्या घरी काय झालंय ते बघत नाही. आपल्या पाळीला दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, माणूस नसला तर पाणी शेजारच्या रानात जातं. आमची पाळी रात्रीची होती. आईनं भाकरी करून झाकून ठेवल्या, आम्हा दोघांना आत झोपवलं, बाहेरून दाराला कडी घातली, आणि रानातली दारं उघडायला ती एकटी गेली. कडीचा आवाज ऐकून मी जागी राहिले. तिच्या हातातलं खोरं उंबऱ्याला लागून वाजलेलंही मी ऐकलं.

आठवडाभरानं तिनं ते खोरं लोहाराकडं नेलं आणि दांडा वीतभर कापायला सांगितला. अण्णा उंच होते. त्यांच्या मापाचा दांडा तिच्या काखेत अडकायचा. लोहार जरा थांबला, म्हणाला, "वहिनी, पोरगं मोठं झालं की परत लांब लागंल." आई म्हणाली, "तवा नवा घालू." कापलेला तुकडा मी उचलून घरी आणला. बरेच दिवस तो चुलीजवळ होता, मग एका पावसाळ्यात जळाला असणार.

पुढं सुट्टीत मी तिच्याबरोबर रात्रीची जायला लागले. कंदील धरायचं काम माझं. उसाच्या सऱ्यांत पाणी चालताना त्याचा आवाज येत नाही, वाळलेल्या पाचटाखालून ते सरकतं आणि पाचट हलतंय एवढंच दिसतं. सरीच्या टोकाला पाणी पोचलं की आई खोरं टाकून चिखलाचा एक गोळा ओढायची आणि तोंडावर बसवायची, पायानं दाबायची, लगेच पुढच्या सरीचं तोंड मोडायची. फसक् असा आवाज व्हायचा आणि पाणी वळायचं. काळी माती पात्याला अशी चिकटायची की दर दहा-बारा ओढींनी बोटानं निपटून काढावी लागायची. तिच्या पायांच्या बोटांत बारा महिने चिखल्या असायच्या. मी झोपेनं पेंगायला लागले की ती म्हणायची, "बोलत ऱ्हा." घोणशीची भीती तिला होती, पण ती मला सांगायची नाही, बोलत राहायला सांगायची. मग मी शाळेतलं काहीबाही बोलायचे. तुमच्या शाळेत आज काय शिकवलं, हा प्रश्न मला आईनं दिवसा कधीच विचारला नाही. रात्री, पायाखाली गार चिखल असताना विचारला.

आमच्याकडं उसाला पाणी देत नाहीत, पाणी पाजतात. आणि लोहार लालभडक पातं ठोकून झाल्यावर दगडी कुंडीतल्या पाण्यात बुडवतो, तेव्हा तोही पात्याला पाणी पाजतो. ते पाणी जास्त झालं तर धार ठिसूळ होते, तिचे टवके उडतात. कमी झालं तर धार वाकते. आमचा लोहार पातं बुडवताना नेहमी आवाज ऐकायचा, मान एका बाजूला कलती करून. दर दोन-तीन वर्षांनी आई खोरं त्याच्याकडून शेवटून आणायची. झिजलेल्या टोकाला नवं लोखंड जोडून पुन्हा धार काढायची, याला शेवटणं म्हणतात. शब्दात शेवट आहे आणि कामात नवी सुरुवात, हे मला त्या वयातही विचित्र वाटायचं. तरी पातं शेवटी लहानच होत जातं. आईच्या त्या खोऱ्याचं पातं आता माझ्या तळहातापेक्षा जरा मोठं उरलंय. बाकीचं सगळं लोखंड चाळीस वर्षांत आमच्या दीड एकरात मिसळलं.

'खोऱ्यानं पैसा ओढतोय' असं गावात कुणाबद्दल बोललं गेलं की मी त्या माणसाचे हात बघायचे. ठेकेदार असायचा, दुकानदार असायचा, एकदा तर पतसंस्थेत नोकरीला लागलेला एक नात्यातला मुलगा होता. त्यांपैकी कुणाच्याही तळहाताला खोऱ्याचा घट्टा नव्हता. आईच्या दोन्ही हातांना अजून आहे. ही म्हण काढली की तिला राग येतो, पण ती उलट बोलत नाही, उठून दुसऱ्या कामाला लागते. मला वाटतं, म्हण करणाऱ्यानं खोरं अगदी बरोबर पाहिलं होतं, त्याचं जवळ ओढणं त्याला कळलं होतं. फक्त ओढलेलं कुणाच्या पायाशी पडतं, ते त्यानं पाहिलं नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी अण्णांच्या ट्रंकेतला जुना शब्दकोश काढला. एकाच शब्दाखाली दोन्ही अर्थ मुकाट्यानं बसलेले : माती ओढण्याचं हत्यार, आणि दोन डोंगररांगांमधला सखल मुलूख. आधीचं कोणतं, कुणाचं नाव कुणाला दिलं, याबद्दल तिथं काही नव्हतं. कानाला मात्र मी विचारलं. खोल, खोदणं, खोबण, खोक, खोरं. तोंडानं म्हणून बघितलं तर दर वेळी जीभ मागं जाते आणि तोंडात पोकळी होते. हा काही पुरावा नव्हे. पण डोंगराला सोंड म्हणणारी, कड्याच्या उतरत्या वाटेला नाळ म्हणणारी, सुळक्याला आरपार पडलेल्या भोकाला कुऱ्हाडीच्या भोकासारखंच नेढं म्हणणारी आपली माणसं. त्यांनी पहिल्यांदा घाटमाथ्यावर उभं राहून खाली पाहिलं असेल, तेव्हा हातातलं आणि समोरचं त्यांना वेगळं वाटलं नसेल, असं मला वाटतं. महाबळेश्वरच्या बाजूनं पाऊस पडतो आणि दोन्ही अंगांच्या उतारांवरून सगळं पाणी, सगळी माती मध्ये ओढली जाते. ओढणं तेच आहे.

आणि माणसं त्या ओढीनंच स्वतःची ओळख सांगायची. रोहिडखोरं, जावळीचं खोरं, कांदाटी खोरं. शिवाजी महाराजांच्या काळातले देशमुख खोऱ्याखोऱ्यांचे होते. माझी आईसुद्धा सोनहिऱ्याच्या खोऱ्यातली, कडेगावच्या बाजूची. सोनहिरा हा ओढा. उन्हाळ्यात त्यात पाय भिजेल एवढं पाणी नसायचं, तरी त्याचं खोरं होतं आणि ते अभिमानानं सांगितलं जायचं. ताकारीला उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून तिकडं पोचलं, तेव्हा आई माहेरी जाऊन एक अख्खा दिवस कालव्याच्या कडेला बसून आली होती. आटपाडी, जत हेही कृष्णेच्याच खोऱ्यात येतात, कारण तिथलं पाणी फिरून भीमेतून का होईना कृष्णेलाच मिळतं. पण वर्षानुवर्षं त्यांच्यापाशी खोरं होतं आणि ओढायला काही नव्हतं. पाटीवरचं ते महामंडळ १९९६ साली झालं. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या लवादानं महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी, म्हणजे ५६० अब्ज घनफूट, पाणी २००० सालाच्या आत अडवायचं होतं, हे आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ होतं. त्या दिवसांत पेपरात रोज 'खोरे' छापून यायचं आणि शब्द हळूहळू सरकारी होत गेला. त्यातून हत्यार गळून पडलं ते तेव्हाच असावं.

शब्दकोश मिटला, दिवा घालवला, आणि मग ती आठवली.

आठवीत माझ्या बाकावर एक मुलगी होती. धरणग्रस्तांच्या वसाहतीतली. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला, तेव्हा त्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक तिचं. म्हणजे तिच्या आजीचं. ती स्वतः वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात जन्मली होती आणि कोयना तिनं पाहिलेली नव्हती. बोलणं मात्र आमच्यापेक्षा निराळं, मऊ, शेवट उचलून बोलायची. मधल्या सुट्टीत डबा खाताना कशावरून तरी गावांचा विषय निघाला. सगळ्या आपापलं सांगत होत्या. ती म्हणाली, "आमचं खोरं पाण्यात गेलं."

मी विचारलं, "मग गळ टाकून काढलं न्हाय का?"

आमच्या विहिरीत एकदा खरंच खोरं पडलं होतं आणि अण्णांनी शेजाऱ्याचा गळ आणून ते काढलं होतं. माझ्या मनात तेच होतं. मुली हसल्या, मास्तर आत आले तेही कळल्यावर हसले. आज भाच्याला आम्ही हसलो अगदी तसेच. पण ती मुलगी हसली नव्हती. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढं मोठं कसं निघेल?" तिनं माझा प्रश्न खरा धरला होता. त्यावर विचार करून उत्तर दिलं होतं. नंतर एकदा सांगितलं, की मे महिन्यात पाणी उतरलं की तिची आजी मुलाला म्हणते, मला एकदा तिकडं नेऊन आण, देऊळ वर आलं असंल. नेलं की नाही ते मला ठाऊक नाही. नववीला ती शाळेत नव्हती. लग्न झालं असं कुणीतरी म्हणालं.

चाळीस वर्षं मी हे विसरले होते. विसरले होते यापेक्षा, ते हसणं मला नको होतं म्हणून मी ते कुठंतरी तळाशी जाऊ दिलं होतं. आणि आता वाटतं, त्या मुलीच्या वाक्यात दोन्ही अर्थ होते. तिच्या आजोबांचं खोरं, दांड्याचं, बाभळीचं, तेही त्या घाईत गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं राहून गेलं नसेल कशावरून? कोयनेच्या त्या १०५ टीएमसी पाण्याखाली घरं गेली, देवळं गेली, असं आपण म्हणतो. हत्यारंही गेली असतील. नव्या वसाहतीत, मुरमाड वाट्याला आलेल्या जमिनीवर, त्या माणसांनी पहिल्या दिवशी माती ओढली ती कशानं?

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या सांगलीच्या घरात पूर शिरला. आमचं घर गावभागात, नदीच्या वाऱ्यावर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कितीतरी दिवसांनी ते ओसरलं आणि आम्ही दार उघडायला गेलो, तर दार उघडेना. आतून गाळ दाटला होता. गावाकडं आमची जमीन वाट्यानं करणारा माणूस टेम्पो घेऊन आला. आईनं त्याच्याबरोबर तीन खोरी आणि भाकरीचं गाठोडं पाठवलं होतं. तीनपैकी एक तिचं, आखूड दांड्याचं. ते मी घेतलं. तोवर मी आयुष्यात कधी दिवसभर खोरं ओढलेलं नव्हतं.

तो गाळ अजून माझ्या नाकात आहे. कुजलेल्या धान्याचा, डिझेलचा, मेलेल्या कशाचा तरी वास, आणि त्या सगळ्याच्या खाली, पहिल्या पावसात येतो तसा मातीचा साधा वास. तोच जास्त भयंकर वाटत होता, कारण तो चांगला होता. माजघरात पिंडरीएवढा चिखल. ओढायचा, उंबऱ्यापर्यंत आणायचा, उंबऱ्यावरून उचलून गल्लीत. काही ठिकाणी तो काळा होता, काही ठिकाणी तांबूस. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, येरळा, सगळ्यांची माती कृष्णेनं ओढत आणली होती आणि आमच्या फरशीवर ठेवली होती. तिसऱ्या दिवशी माझे तळहात फुटले. आईच्या हातांना जिथं घट्टे आहेत, अगदी तिथंच. त्या दांड्यावर तिच्या अंगठ्यानं पाडलेला एक गुळगुळीत खळगा आहे, माझा अंगठा आपोआप त्यात बसत होता. तेव्हा मी फक्त दमलेली होते. आज विचार करते, की त्या तांबूस चिखलात थोडी का होईना, माझ्या बाकावरच्या मुलीच्या आजीच्या डोंगराची माती असणार. मी ती खोऱ्यानं ओढून गल्लीत टाकली.

सकाळी परसात भाचा एकटाच दगडांची ओळ लावत बसला होता. मी शेजारी बसले. त्याला म्हटलं, काल आम्ही हसलो ते चुकलं. दोन हातांची ओंजळ करून दाखवली, हे इकडचे डोंगर, हे तिकडचे, आणि मध्ये सगळं पाणी ओढून घेणारी नदी, म्हणून यालाही खोरं म्हणतात. मग त्याला ती मुलगी सांगितली. माझा गळाचा प्रश्नही सांगितला. त्यानं ओंजळीत वाकून बघितलं, जसं काही आत खरंच पाणी होतं, आणि विचारलं, "मग ते अजून पाण्यातच आहे?"

मी हो म्हटलं.

तो काही बोलला नाही. उठून गोठ्याकडं गेला आणि आईचं ते झिजलेलं खोरं दोन्ही हातांनी ओढत घेऊन आला. फरशी टाळून, कडेच्या मातीतून. नारळाच्या आळ्याजवळ उभं राहून त्यानं ते टाकून बघितलं. दांडा छातीला टेकला आणि त्याचा तोल गेला. चुलीपाशी बसलेली आई हे सगळं बघत होती. गुडघ्यांवर हात टेकत उठली, सरपणातून बाभळीची एक सरळ काठी ओढली आणि त्याच्याजवळ आली.

"पातं हलकं झालंय, पोराला पेलंल," मला म्हणाली. "लोहाराकडनं नवा दांडा घालून आणते."

काठी त्याच्या अंगाला लावून तिनं नखानं साल खरवडून खूण केली. तो मान वळवून बघायला लागला.

"हलू नगंस," आई म्हणाली. "परत मापावं लागंल."